नाथ महाराजांचा गृहस्थाश्रम

सज्जनहो, संतचरित्र ऐकायला बसले म्हणजे देवाने कावडीने पाणी कसे भरले, पितर जेवायला कसे उतरले, इकडेच आपले चित्त धावते. धावू द्यावे, त्यात वावगे काही नाही. पण त्या चमत्काराच्या आधी आणि नंतर त्या घरात चूल पेटत होती, पोरे पाठीवर चढत होती, अवेळी पाहुणे येत होते, आणि एका काळी बापलेकांचे पटत नव्हते, हे आपण ऐकूनही कानाआड करतो. आपल्या पंथाने तर घर सोडायला कधी कोणाला सांगितलेच नाही. गळ्यात माळ घालायची, एकादशी धरायची, आषाढीला पंढरीची वाट चालायची, आणि परत येऊन गोठ्यातल्या बैलाला वैरण घालायची. मग वारकऱ्याला चरित्रातून खरा उपयोग कशाचा? संताने आपले घर कसे चालवले, त्याचा. म्हणून आज पैठणच्या नाथ महाराजांचे चरित्र थोडे घराच्या बाजूने पाहू. ग्रंथकार नाथ पुष्कळांनी सांगितले आहेत. नातू म्हणून, नवरा म्हणून आणि बाप म्हणून नाथ कसे वागले, एवढेच आज बघायचे.

नाथांचा जन्म इ.स. १५३३ च्या सुमाराचा धरतात. घराणे भानुदासांचे. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती ज्यांनी परत पंढरीला आणली असे आपण मानतो, ते भानुदास हे नाथांचे पणजोबा. भानुदासांचे चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांच्या पोटी एकनाथ. पण आईबापांचे सुख या मुलाच्या कपाळी नव्हते. कळू लागण्यापूर्वीच दोघेही गेले. म्हातारपणी ज्यांनी मुलाच्या आधाराने राहायचे, त्या चक्रपाणी आजोबांना आणि आजीला पुन्हा पाळणा हलवावा लागला. ज्याने बाप पाहिला नाही, त्यालाच पुढे बाप कसा असावा हे जगाला दाखवावे लागले, ही देवाची लीला म्हणायची.

मुंज झाली, अध्ययन सुरू झाले. मुलगा बुद्धीचा तीव्र. शिकवणाऱ्याला प्रश्न विचारून दमवायचा. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास गुरूची ओढ लागली आणि देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे नाव मनात बसले. मग काय झाले? आजोबांना सांगितले असते तर त्यांनी सोडले नसते. तेव्हा पोराने न सांगताच पैठण सोडले आणि देवगिरीची वाट धरली. कीर्तनात हा प्रसंग आला म्हणजे आम्ही बुवा लोक गुरुभक्तीचे वर्णन करतो, श्रोतेही माना डोलावतात. पण क्षणभर त्या म्हाताऱ्या जोडप्याकडे बघा. मुलगा गेला, सून गेली, उरलेला एवढा एक अंकुर, तोही एके दिवशी घरात नाही. गोदेचे घाट पाहिले असतील, विहिरी पाहिल्या असतील, वाटसरूंना विचारले असेल. ते दुःख चरित्रात दोन ओळींत संपते. घरात ते वर्षानुवर्षे चालले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

गुरू मिळाले तेही गृहस्थच. जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी. यवनी राज्याची चाकरी, कचेरी, हिशेब, वेळ पडली तर हाती शस्त्र. आणि त्यातच दत्तप्रभूंची अखंड उपासना. अशा गुरूच्या घरी नाथांनी काय शिकावे? एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. स्वामींनी हिशेबाचे काम शिष्याकडे दिले होते. एके दिवशी एका पैची चूक येईना. रात्र चढत गेली, दिव्यात तेल घालून घालून नाथ वह्या चाळत बसले, आणि पहाटेच्या सुमारास चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैसाठी एवढी एकाग्रता, मग तीच देवाकडे लावली तर काय होईल, असे त्यांनी समजावले. आपण यातला परमार्थ घेतो. तो घ्यावाच. पण प्रपंचातली पैसुद्धा निष्काळजीपणे सोडायची नाही, हाही धडा त्यात आहे. ज्याचा हिशेब चोख नाही, त्याचे घर दुसऱ्याच्या जिवावर चालते.

पुढे गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली आणि नाथ पैठणला आले. तोवर आजोबांना नातवाचा ठावठिकाणा लागला होता. म्हाताऱ्याने जनार्दनस्वामींकडून पत्र आणून ठेवले होते, की हे पत्र जिथे वाचशील तिथेच राहा. रस्त्यात आजानातवाची गाठ पडली, पत्र हातात आले, आणि नाथ त्याच जागी थांबले. पुढे एक पाऊल टाकले नाही. तिथेच त्यांचे बिऱ्हाड झाले. गुरूने शिष्याला मठ बांधायला लावला नाही, रानात धाडले नाही; आजीआजोबांच्या हाती परत दिला आणि लग्न करायला सांगितले. ज्या घरातून न सांगता निघून गेले, त्याच घरात गुरूच्या आज्ञेने परत आले. नाथांच्या गृहस्थाश्रमाचा पाया हा असा आहे.

मग गिरिजाबाई घरात आल्या. नाथांचे चरित्र सांगताना या माउलीचे नाव ओझरते येते, ते बरे नव्हे. नाथांनी ज्याला त्याला जेवायला बोलवावे, आणि रांधायचे कोणी? गिरिजाबाईंनी. नाथांचा दिनक्रम चरित्रकार सांगतात तो असा. पहाटे उठावे, गोदास्नान, संध्या, घरच्या पांडुरंगाची पूजा, मग वाचन. दुपारी दारात असेल त्या अतिथीसह भोजन, त्यानंतर भागवत किंवा ज्ञानेश्वरीचे निरूपण, आणि रात्री कीर्तन. या एकेका ओळीच्या मागे घरातल्या बाईचे किती काम आहे, ते ज्यांच्या घरी सप्ताह बसतो त्यांनाच कळेल. घरात उद्धव नावाचा शिष्य होता, तो सगळी व्यवस्था बघायचा. श्रीखंड्या नावाचा पाणक्या होता. तो म्हणजे साक्षात द्वारकेचा राणा, बारा वर्षे नाथांघरी पाणी भरत होता, हे आपण सारे जाणतो; तो रांजण पैठणला दाखवतात. पण एक सांगतो, ज्या घरात धनी, धनीण, शिष्य आणि चाकर एका मनाने राबतात, तिथेच देवाला पाणी भरावेसे वाटते. भांडकुदळ घरात साधा पाणक्यासुद्धा टिकत नाही.

एकदा पावसाळ्याच्या रात्री चार ब्राह्मण भिजून कुडकुडत दारी आले. घरात शिधा होता, पण कोरडे सरपण नव्हते. नाथांनी घरातले लाकूडसामान मोडले आणि चूल पेटवली. लाकूडसामान पुन्हा करता येईल, उपाशी माणसाची रात्र पुन्हा आणता येणार नाही. धर्मशास्त्रात गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले आहेत: ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ. आम्ही पाठशाळेत ते तोंडपाठ केले. नाथांनी ते चुलीपाशी केले, आणि त्यातला मनुष्ययज्ञ कधी चुकू दिला नाही.

नाथांना दोन कन्या, गोदा आणि गंगा, आणि हरी नावाचा एक मुलगा. घरात मुलांची किलबिल कशी असेल, ते एका प्रसंगावरून दिसते. गावातल्या काही टवाळांनी एका परगावच्या गरजू ब्राह्मणाला गाठले. त्याला मुलाच्या कार्यासाठी दोनशे रुपये हवे होते. नाथांना राग आणून दाखव, मग देतो, असा पण लागला. ब्राह्मण उठला तो थेट नाथांच्या घरात शिरला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ रागावले नाहीत. एवढ्या उत्कंठेने भेटायला कोणी आले नव्हते, याचाच त्यांना आनंद झाला. मग पंगत बसली. गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तेवढ्यात हा त्यांच्या पाठीवर चढला. आता तरी राग यावा की नाही? नाथांनी बायकोला एवढेच सांगितले, की अतिथी पडणार नाहीत असे सांभाळ. आणि बाईंनी काय उत्तर दिले? हरीला पाठीवर घेऊन घरकाम करायची मला रोजची सवय आहे, या मुलाला कशी पडू देईन? ब्राह्मण ओशाळला आणि पाया पडला. नाथांनी त्याची अडचण ऐकली आणि आधीच सांगितले असते तर तुझ्या कार्यासाठी रागावून दाखवले असते, असे म्हणून त्यालाच धीर दिला.

या कथेत नाथांची शांती सगळे सांगतात. माझे लक्ष त्या पाठीवरल्या हरीकडे जाते. पीठ मळताना, भांडी घासताना, वाढताना ज्याने आईच्या पाठीचा घोडा केला, तो हा मुलगा. त्याला ना आईने झिडकारले, ना बापाने दटावले. त्या घरातल्या शांतीचा सराव पोरांच्या दंग्यावरच झाला होता. परक्याचा अपमान गिळणे एकवेळ सोपे, कारण लोक बघत असतात. घरच्या पोराने दहाव्यांदा ओढलेला पदर सोडवताना आवाज चढू न देणे, याला साक्षीदार कोणी नसतो.

आता सणावाराचे बघू. नाथांच्या घरी गुरूचा पुण्यदिवस मोठ्या थाटाने व्हायचा, फाल्गुन वद्य षष्ठीला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांची आणि त्यांची भेट, स्वामींचे निर्याण, आणि शेवटी नाथांची स्वतःची समाधी, अशी पाच पर्वे या एका तिथीवर आपली परंपरा सांगते. आज नाथषष्ठीला पैठणला जो मेळा भरतो, त्याचे बीज नाथांच्या अंगणातल्या त्या उत्सवात आहे. पण उत्सवापेक्षा जास्त बोलबाला झाला तो घरातल्या एका श्राद्धाचा. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. गिरिजाबाई सोवळ्याने रांधून बसल्या होत्या, क्षण दिलेले ब्राह्मण अजून यायचे होते. घराबाहेरून गावकुसाबाहेरची, त्या काळी अस्पृश्य मानलेली काही माणसे बायकापोरांसह चालली होती. अन्नाचा वास आला. पोरांनी हट्ट धरला असेल, आईने डोळे वटारले असतील. ते बोलणे नाथांच्या कानी पडले आणि त्यांनी सगळ्यांना आत बोलावून तेच अन्न पोटभर वाढले. गिरिजाबाईंनी मग घर सारवून, स्नान करून नव्याने स्वयंपाक केला. तरी ब्राह्मण जेवायला आले नाहीत. तेव्हा नाथांनी पितरांचे आवाहन केले आणि पितर प्रत्यक्ष पानावर बसले, अशी कथा आहे.

गोदेच्या वाळवंटातली कथाही अशीच. दुपारच्या वेळी, वाळू तापलेली, त्यात एक मूल आईपासून चुकून रडत पडलेले. मूल कोणत्या जातीचे हे नाथांनी विचारले नाही. कडेवर घेतले, नाकडोळे पुसले आणि त्याच्या वस्तीत आईबापांच्या हाती नेऊन दिले. स्नान करून निघालेला ब्राह्मण असे करतो म्हणून गावात ओरड झाली. पण ज्याच्या घरी मूल आहे, त्याला दुसऱ्याचे मूल वाळूत भाजताना बघवत नाही. बापपण घराच्या उंबऱ्याशी थांबले तर ते निव्वळ मोह आहे. उंबरा ओलांडून गेले की त्याचीच दया होते.

घरात आणखी एक पोर वाढत होते, त्याचे नाव गावबा. याच्या आईने त्याला नाथांच्या पदरात घातले. पोराला पुरणपोळीचे वेड. पुरणपोळी मिळाली की स्वारी खूश! गुरुमंत्र द्यायला गेले तर एकनाथ या नावाखेरीज दुसरे नाव तोंडी घेईना. शहाण्यांनी त्याला वेडा ठरवले. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्याला घरच्या मुलासारखे ठेवले आणि पुरणपोळीही खाऊ घातली. नाथांचे भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत झाले आणि देह ठेवायची वेळ आली. उरलेले रामायण कोणी पुरे केले? या पुरणपोळीच्या गावबाने! घरात वाढलेल्या पोराच्या डोक्यात काय शिरते आहे आणि काय नाही, याचा अंदाज शेजाऱ्यांना येत नसतो.

आता हरीकडे येऊ. हरी मोठा झाला, शास्त्रे शिकला आणि हरिपंडित म्हणून नावाजला. आणि त्याला बापाचे वागणे पटेना. बाप संस्कृत सोडून प्राकृतात पुराण सांगतो, रात्री कीर्तन करतो, वासुदेव, गोंधळी, जोगवा, विंचू असली सोंगे घेऊन भारुडे रचतो, आणि मुख्य म्हणजे परान्न घेतो, कोणाच्याही हातचे खातो. गावात यावरून वादंग झालेले, प्रायश्चित्ताच्या गोष्टी निघालेल्या. पंडित मुलाला हे सोसेना.

सज्जनहो, आपण कीर्तनात हरिपंडितांना थोडे खलनायकासारखे उभे करतो. तसे करू नये. आमचेही बालपण अमरकोश आणि रूपावली घोकण्यात गेले, तेव्हा त्यांची बाजू मला समजते. ज्याने बारा-बारा वर्षे व्याकरणाचा आणि शास्त्राचा अभ्यास केला, शब्दाचा एक स्वर चुकला तर ज्याच्या गुरूने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले, त्याला आचार आणि शब्द ही प्राणाची गोष्ट वाटते. शिवाय बापाला बहिष्काराची भीती नव्हती, पण मुलाला गावातल्या पंडितांच्या सभेत बसायचे होते. बापाच्या मोठेपणाची किंमत पुष्कळदा मुलालाच चुकवावी लागते. हरिपंडित दुष्ट नव्हते. ते प्रामाणिक होते, म्हणून त्यांचे दुःख खरे होते. शेवटी ते घर सोडून काशीला गेले.

आणि काशी कोणती? जिथे नाथांच्या प्राकृत भागवताचा न्याय झाला तीच. एकादश स्कंधावरच्या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणला झाले होते. प्राकृतात भागवत लिहिल्याची तक्रार काशीच्या पंडितांकडे गेली, नाथांना बोलावणे आले. ते तिथे गेले, राहिले, आणि इ.स. १५७३ त, कार्तिकी पौर्णिमेला, तो ग्रंथ काशीतच पुरा केला. ज्यांनी जाब विचारायला बोलावले, त्यांनीच ग्रंथाची मिरवणूक काढली असे चरित्रकार लिहितात. रुक्मिणीस्वयंवरही काशीतलेच, इ.स. १५७१ चे, आपल्या घरच्या मुली लग्न जमावे म्हणून ज्याचे पारायण करतात, ते. साऱ्या काशीच्या विद्वानांची समजूत पडली, आणि स्वतःच्या मुलाची पडेना! घरोघरी असेच असते. बाहेर ज्याच्या पायावर लोक डोके ठेवतात, त्याच्या घरात मुलगा तोंड फिरवून बसलेला असतो.

आता नाथांनी काय करावे? तीन वाटा होत्या. एक, मुलगा नास्तिक निघाला असे म्हणून नाव टाकावे. दोन, कीर्तनात दाखले देऊन चार लोकांत त्याला खाली बघायला लावावे. तीन, देवाची इच्छा म्हणून स्वस्थ बसावे. आणि याला वैराग्य असे नाव देता येते! नाथांनी या तिन्ही वाटा सोडल्या. ते स्वतः काशीला गेले. बाप मुलाच्या दारी गेला. आपल्या पायाने इतकी वाट तुडवत जाताना त्यांना चक्रपाणी आजोबा आठवले नसतील का? बाराव्या वर्षी एक पोर न सांगता निघून गेले होते, आणि एक म्हातारा त्याच्या शोधात झुरत होता. ते ऋण फेडायची ही वेळ होती. मुलाच्या मागे जाण्यात कमीपणा आहे असे ज्याला वाटते, त्याने कधी कोणी आपल्यामागे आले होते हे विसरलेले असते.

हरिपंडितांनी परत येण्यासाठी दोन अटी घातल्या. परान्न घ्यायचे नाही, आणि प्राकृतात पुराण सांगायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

इथे थांबून विचार करण्यासारखा आहे. ज्याने ज्ञानोबारायांची ज्ञानेश्वरी शुद्ध करून इ.स. १५८४ त लोकांच्या हाती दिली, ज्याने आयुष्यभर बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत देव सांगितला, त्याने मुलाच्या शब्दाखातर मुकाट्याने बसावे? हा प्रश्न एका वृद्ध वारकऱ्याने मला एकदा विचारला होता. गावच्या लोकांचा नाथांवर हक्क नव्हता का, असे त्याचे म्हणणे. होता. तो हक्क बुडाला, हेही खरे. पण मला असे वाटते, की नाथांना मुलाचा विश्वास परत हवा होता, आणि तो वादात जिंकून मिळत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. बापाने जे सोसायचे ते आधी सोसून दाखवावे, मग मुलाला दिसायचे ते दिसेल, अशी ही वाट. देवावर भरवसा असल्याशिवाय या वाटेने जाता येत नाही. आपले कीर्तन बंद पडले तर जगाचे काय होईल, ही चिंता ज्याला पडते, त्याने आपल्याला देवाच्या जागी बसवलेले असते.

मग पैठणात हरिपंडितांचे संस्कृत पुराण सुरू झाले. विद्वत्ता मोठी, पाठ शुद्ध, अर्थ अचूक. पण जी माणसे दिवसभर रानात राबून रात्री नाथांच्या अंगणात येत होती, त्यांना त्यातले काय कळणार? चार दिवस भक्तीने आली, पाचव्या दिवशी विरळ झाली. नाथ मात्र रोज तिथे बसत, मुलाचे पुराण ऐकत. त्यांनी एका शब्दानेही मुलाला बोल लावला नाही, कुत्सित हसले नाहीत. हे फार अवघड आहे हो! मुलगा चुकतो आहे हे दिसत असताना त्याच्यासमोर श्रोता होऊन बसणे, हे तप आहे.

अशात एक गरीब बाई आली. तिचा सहस्रभोजनाचा संकल्प होता. दिवस फिरले, सामर्थ्य उरले नाही, आणि संकल्प मनाला टोचत राहिला. एका ब्रह्मनिष्ठाला जेवू घाल, हजार जेवल्याचे फळ येईल, असे तिला कोणीतरी सांगितले. ती नाथांकडे आली. आता परान्नाची अट आड आली. नाथांनी अट मोडली नाही, बाईलाही परत धाडले नाही. त्यांनी मुलालाच बरोबर घेतले आणि स्वयंपाक हरिपंडितांनीच करावा असे ठरवले. आपल्या हातचे अन्न म्हणून मुलाला बोलायला जागा राहिली नाही, आणि बाईच्या घरी भोजनही झाले. दोन्ही मने कशी सांभाळली, ते पाहा. नाथ तृप्त होऊन उठले आणि उष्टे काढायला मुलालाच सांगितले. हरिपंडितांनी पत्रावळ उचलली तो खाली दुसरी. ती उचलली तो तिसरी. उचलता उचलता हजार पत्रावळी निघाल्या. पंडितांची मान खाली गेली. त्यांनी बापाचे पाय धरले, दोन्ही अटी सोडल्या, आणि पैठणात पुन्हा नाथांचे कीर्तन सुरू झाले.

हा प्रसंग महिपतिबाबांसारख्या चरित्रकारांनी मोठ्या प्रेमाने गायला आहे. हजार पत्रावळींची गणना भाविकांनी करावी. मला यात आणखी एक दिसते. हरिपंडितांनी त्या दिवशी दोन गोष्टी प्रथमच केल्या. एका गरीब बाईच्या घरी चुलीपाशी बसून रांधले, आणि वाकून उष्टे काढले. ज्या कामाने आपल्या आईची पाठ वाकली होती, ते काम त्या दिवशी पंडितांच्या हाताला लागले. ज्ञान पोथीतून हातात उतरायला एवढेच हवे होते. बापाने ते सांगून शिकवले नाही, करायला लावले. आणि तेही मुलाची अट पुरती पाळून.

पुढची पिढी कशी निघाली? नाथांच्या लेकीचा मुलगा तो कवी मुक्तेश्वर. लहानपणी तो मुका होता आणि आजोबांच्या कृपेने बोलू लागला, अशी आख्यायिका आहे. त्याने महाभारत मराठीत आणले. त्याची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पर्वे आज उपलब्ध आहेत. ज्या भाषेवरून बापलेकांत अंतर पडले, त्याच भाषेत नातवाची वाणी अशी फुलली.

इ.स. १५९९ त फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्यानंतर त्यांच्या पादुका आषाढीला पंढरपूरला न्यायची चाल हरिपंडितांनी सुरू केली, असे सांप्रदायिक सांगतात. पैठणहून नाथांची पालखी आजही आषाढीला पंढरीला जाते. एकदा बापापासून दूर जाण्यासाठी जे पाय काशीच्या वाटेला लागले होते, ते बापाच्या पादुका घेऊन पंढरीच्या वाटेला लागले. नाथांनी मुलाला यासाठी कधी आज्ञा केली नव्हती.

वारकरी बंधूंनो, आपल्यापैकी कितीजणांच्या घरी मुलगा माळ घालायला तयार नाही, कोणी शहरात नोकरीला गेला तो एकादशी विसरला, कोणी शिकून आला तो बापाच्या भजनाला हसतो. मग बाप काय करतो? त्याच्या ताटावर बोलतो, पाहुण्यांसमोर बोलतो, आणि शेवटी बोलणेच टाकतो. वर्षानुवर्षे एका घरात अबोला, आणि दिंडीत मात्र प्रत्येकाच्या पाया पडतो! वारीत परक्याला माउली म्हणायचे आणि पोटच्या पोराला नाव ठेवायचे, हे कसे जुळावे? या आषाढीला निघण्यापूर्वी एवढे करावे. ज्याच्याशी बोलणे थांबले आहे, त्याच्याकडे आपण होऊन जावे. वाद घालायला जाऊ नये, अट घालायलाही जाऊ नये. त्याची एखादी अट असेल तर ऐकून घ्यावी, आणि पाळता येत असेल तर पाळावी. पुढचे पांडुरंग बघून घेईल. रामकृष्णहरि.